बंदराआधीची एक रात्र

बार्सेलोनाच्या धक्क्यावरून रविवारी संध्याकाळी सहाला सुटणारी बोट तुमच्यापुरती साडेचारलाच सुटते. चेक-इनचं काउंटर निघण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. नेमकी वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती बहुतेक जण वाचत नाहीत. काउंटर बंद झालं की प्रवाशांची शेवटची यादी बंदराच्या अधिकाऱ्यांकडे जाते, बंदराचा पायलट चढतो, गँगवे ओढून घेतला जातो आणि दोर सुटतात. यादीत ज्यांच्या नावापुढे खूण नाही, त्यांच्यासाठी कोणी धक्क्याकडे बघत उभं राहत नाही. यात माणुसकीचा प्रश्न नसतो. पुढच्या बंदरातली सकाळची जागा काही महिने आधी ठरलेली असते. उशीर भरून काढायचा तर वेग वाढवावा लागतो आणि जहाजाचा वेग थोडा वाढवला तरी इंधनाचा खप कितीतरी जास्त वाढतो.

आता याच बोटीसाठी मुंबईहून निघणाऱ्या कुटुंबाचं वेळापत्रक बघू. पहाटे चारच्या सुमाराला सहार विमानतळावरून निघायचं, दोहा किंवा दुबईला विमान बदलायचं, त्याच रविवारी दुपारी दीडला बार्सेलोना. काउंटर बंद व्हायला तीन तास. विमानतळापासून बंदर पंधराएक किलोमीटर. कागदावर सगळं बसतं, शिवाय हॉटेलची एक रात्र वाचते.

हे तीन तास कशात जातात ते मोजायला हवं. पासपोर्टची रांग पहिली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बाहेरून येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात जास्त वेळ लागतो. मग बॅगा. मग टॅक्सी. मग मोल अदोसात नावाच्या लांबलचक धक्क्यावर आपलं टर्मिनल कोणतं, ए की डी, हा शोध. हे सगळं विमान वेळेवर उतरलं असं धरून. दोह्याला यायलाच दीड तास उशीर झाला आणि पुढचं विमान चुकलं, तर बार्सेलोनात पोचेपर्यंत रात्र होते. बोट तोवर मार्सेयच्या वाटेला लागलेली असते.

दादरच्या एका प्रवासी कंपनीत बरीच वर्षं टूर मॅनेजरचं काम केलेल्या एका बाईंना मी विचारलं, की लोक एक दिवस आधी का जात नाहीत. त्या हसल्या. ‘पैसे नसतात म्हणून नाही हो. बाल्कनीच्या केबिनसाठी पन्नास हजार जास्त मोजलेले असतात. पण हॉटेलची रात्र म्हणजे नुसती झोप, ती फुकट गेल्यासारखी वाटते.’ त्यांचा नियम सरळ आहे. विमान बदलून जायचं असेल, तर बोटीच्या आदल्या दिवशी त्या शहरात मुक्काम. समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडात जायचं असेल आणि सुट्टी असेल, तर दोन रात्री.

हा नियम अती सावध वाटत असेल, तर २३ जून २०२५ ची संध्याकाळ आठवावी. इराणने कतारमधल्या अल उदैद या लष्करी तळावर क्षेपणास्त्रं डागली. त्याच्या थोडं आधीच कतारने आपलं आकाश बंद केलं होतं. काही तासांनी ते उघडलं, पण आकाशात असलेली विमानं तोवर भलत्याच शहरांत उतरली होती आणि दोह्याचं सगळं वेळापत्रक विस्कटलं होतं. पश्चिमेकडे जाणारा मराठी प्रवासी बहुधा याच आखाती विमानतळांवरून जातो. त्याआधी एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने युरोपचं बरंचसं आकाश सुमारे सहा दिवस बंद पाडलं होतं. अशा वेळी एक रात्रही पुरत नाही, हे खरंच. पण रोजचे दोन-चार तासांचे उशीर, चुकलेलं एखादं विमान, मागे राहिलेली बॅग, एवढं सगळं ती एक रात्र पोटात घेते.

बॅगेचं वेगळं सांगायला हवं. बॅग मागे राहिली तर विमान कंपनी ती पत्त्यावर पोचवते. हॉटेलचा पत्ता देता येतो. चालत्या जहाजाचा काय देणार? आज मार्सेय, उद्या जिनोव्हा, परवा नेपल्स. बॅग मागून धावत राहते आणि कधी कधी सहल संपल्यावर विमानतळावर भेटते. म्हणून औषधं, चष्मा, एक-दोन दिवसांचे कपडे आणि सगळे कागद हातातल्या बॅगेत. बोटीवर चढतानाही मोठी बॅग टॅग लावून धक्क्यावरच द्यायची असते आणि ती केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते. त्या बॅगेत पासपोर्ट ठेवून मोकळ्या हाताने काउंटरवर उभी राहिलेली माणसं दादरच्या त्या टूर मॅनेजर बाईंनी पाहिलेली आहेत.

विमान, हॉटेल आणि बोट यांची सांगड आपली आपण घालायची, ही तशी अलीकडची गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी ती कंपन्या घालत. पी अँड ओ कंपनीची डाक बोट लंडनहून निघे, पण घाईतला प्रवासी आठवडाभर मागे थांबे, मग रेल्वेने फ्रान्स ओलांडून मार्सेयला तीच बोट पकडे. बिस्केच्या उपसागरातलं हेलकावणंही त्याला चुके. त्याआधी इटलीच्या टाचेवरचं ब्रिंडिसी बंदर या कामाला होतं. ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग मुंबईची बोट ब्रिंडिसीलाच धरतो. इकडच्या टोकालाही तशीच सोय होती. १९२८ मध्ये पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल सुरू झाली, तेव्हा बोटींच्या हंगामात ती कुलाब्याऐवजी बॅलार्ड पियरवरच्या स्टेशनातून सुटे. साहेब बोटीतून उतरला, की त्याच धक्क्यावर गाडी उभी. डाकेचा करार सरकारशी असल्याने बोट आणि गाडी यांची वेळ एकमेकांशी बांधलेली असे. तुमच्या-माझ्यासाठी कोणी ती बांधली नव्हती, डाकेच्या पिशव्यांसाठी बांधली होती. प्रवाशांना तिचा फायदा मिळाला, इतकंच.

आज विमान कंपनीला बोट माहीत नाही, बोटीला विमान माहीत नाही आणि हॉटेलला दोन्ही माहीत नाहीत. ज्या वेबसाइटवर तिघांची तिकिटं मिळतात, तिला या तिघांचा मेळ बसतो की नाही याच्याशी देणंघेणं नाही. क्रूझ कंपन्या स्वतः विमानाची तिकिटं आणि बंदरापर्यंतची बसही विकतात. तशी घेतली आणि उशीर झाला, तर पुढच्या बंदरात पोचवायला त्या मदत करतात. ही सोय महाग वाटते आणि विमान मनासारखं मिळत नाही, म्हणून लोक ती नाकारतात. माझ्या मते पहिल्या परदेशी क्रूझला, तीही वयस्कर आईवडिलांना घेऊन जाताना, या सोयीचा भाव विचारून तरी बघावा. ग्रुप टूरमध्ये हे सगळं कंपनी बघते. तिथे सहप्रवासी निवडता येत नाहीत, ही तक्रार चालायचीच.

आता जाहिरातीतल्या नावांविषयी. ‘रोम’ असं छापलेलं असतं तेव्हा बोट रोमला लागत नाही. रोमच्या मुख्य शहराला समुद्रच नाही. ती लागते चिविताव्हेक्कियाला, शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, ‘लंडन’ म्हणजे बहुधा साउदॅम्प्टन. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिकवरचं वार्नम्युंडं, जिथून बर्लिन गाठायला अडीच-तीन तास लागतात. ‘बँकॉक’ म्हणजे पुष्कळदा लेम चाबांग. आणि ‘व्हेनिस’ म्हणजे काय हे तर वर्षागणिक बघावं लागतं. इटलीने ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी केली. तेव्हापासून मोठ्या बोटी कधी मार्गेरा, कधी त्रिएस्ते, तर कधी दीडशेएक किलोमीटरवरच्या राव्हेन्नाला लागतात. व्हेनिसच्या कालव्याकाठी हौसेने हॉटेल घेतलं आणि बोट राव्हेन्नाला, असं झालं तर सकाळ बसमध्ये जाते. म्हणून हॉटेल शहराचं नाव बघून घ्यायचं नाही. बंदराचं आणि टर्मिनलचं नाव हातात आल्यावरच घ्यायचं.

चिविताव्हेक्कियाच्या बाबतीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आदल्या रात्री बंदराच्या गावातच राहा, म्हणजे सकाळी चिंता नाही. दुसरा म्हणतो, रोमला जाऊन रोममध्ये एक संध्याकाळही काढायची नाही? मी दुसऱ्या पक्षात आहे, पण एका अटीवर. हॉटेल तेर्मिनी स्टेशनच्या चालण्याच्या अंतरात हवं आणि गाडी सकाळची हवी. तेर्मिनीहून चिविताव्हेक्किया गाडीप्रमाणे पाऊण ते सव्वा तास. स्टेशनवरून बसने लार्गो देल्ला पाचे, तिथून बंदराची मोफत बस थेट जहाजापर्यंत. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. निघण्याच्या आठवड्यात ‘शोपेरो’ हा शब्द शोधून बघणं हे चांगल्या प्रवाशाचं लक्षण.

बार्सेलोनात गोष्ट सोपी आहे. जुन्या शहरात, रांब्लाच्या खालच्या टोकाला द्रासानेस मेट्रोजवळ राहिलं, की कोलंबसच्या पुतळ्यापासून मोल अदोसातला बस जाते. खिसेकापूंचा उच्छाद मात्र त्याच भागात सगळ्यात जास्त. हॉटेल सोडताना माणशी रात्रीमागे पर्यटक कर वेगळा भरावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत नसतो. शहराला आता क्रूझच्या गर्दीचा कंटाळा आलेला आहे. जुलै २०२५ मध्ये पालिका आणि बंदर यांनी २०३० पर्यंत सात टर्मिनलांची पाच करायचं ठरवलं. येत्या काही वर्षांत टर्मिनलचं नाव पुन्हा पुन्हा तपासावं लागणार.

क्रूझला जाणाऱ्या मराठी घरांमध्ये एक प्रकार अलीकडे फार दिसतो. आईबाबा पुण्यात, मुलगा न्यू जर्सीला, मुलगी लंडन किंवा सिडनीला. भारतात सगळ्यांची सुट्टी जमत नाही, अमेरिकेत आईबाबांना करमत नाही. मग ठरतं, मध्येच कुठे तरी भेटू. क्रूझ त्याला छान. आजीला रोज बॅग भरावी लागत नाही, नातवंडांना पोहायला मिळतं आणि स्वयंपाक कोणालाच नाही. बुकिंग मुलगा करतो, रात्री अकराला, लॅपटॉपवर. बाबांना फोन येतो: ‘तिकिटं मेल केली आहेत, प्रिंट काढून ठेवा.’ अशाच एका घरात मी ती मेल बघितली. मुंबई ते इस्तंबूल एका कंपनीचं, इस्तंबूल ते बार्सेलोना दुसऱ्या स्वस्त कंपनीचं, दोन वेगळे पीएनआर. स्वस्त पडलं होतं खरं. पण याचा अर्थ असा, की इस्तंबूलला बॅग उतरवून घ्यायची, तुर्कस्तानात शिरायची परवानगी हातात हवी, पुन्हा चेक-इन करायचं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. एका पीएनआरवर तिकीट असतं तेव्हा चुकलेल्या जोडीची जबाबदारी कंपनीची. तीही तुम्हाला विमानतळावर पोचवण्यापुरती, बोटीपर्यंतची नव्हे. ‘अरे, पण बाबांना एवढं जमेल ना?’ असं आईने फोनवर विचारलं होतं म्हणे. पुढे तिकिटं बदलली, थोडा भुर्दंड बसला.

त्याच घरात कागदांचेही तीन प्रकार होते. नातवंडं अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकन पासपोर्टवर, त्यांना छोट्या सहलीसाठी शेंगेन व्हिसा लागत नाही. मुलगा ग्रीन कार्डवर, पण पासपोर्ट भारतीय, म्हणून त्याला व्हिसा लागतो आणि तो अमेरिकेतूनच काढायचा. हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं. एच-वन-बीवर असणाऱ्याने तर परतीच्या वेळी आपला अमेरिकेचा शिक्का चालू आहे ना, तेही बघायचं. आईबाबांचा व्हिसा मुंबई किंवा पुण्यातून. एका टेबलावर जेवायचं असलं, तरी धक्क्यावरच्या काउंटरवर प्रत्येकाचे कागद वेगळे तपासले जातात आणि ज्याचे अपुरे, तो खाली राहतो.

शेंगेन व्हिसात क्रूझवाल्यांनी दोन गोष्टी जपायच्या. पहिली, किती वेळा प्रवेश. बोट एड्रियाटिकमध्ये फिरून माँटेनेग्रोच्या कोटोरला थांबली आणि मग ग्रीसला गेली, तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन पुन्हा आत आलात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो तिथे संपला. म्हणून अर्जासोबत बोटीचा पूर्ण मार्ग जोडायचा आणि अनेक प्रवेशांचा व्हिसा मागायचा. दुसरी, अर्ज कोणाकडे. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल, त्याच्याकडे. बार्सेलोनाहून निघणारी बोट इटलीच्या तीन बंदरांना आणि स्पेनच्या दोनच बंदरांना लागत असेल, तर हिशेब इटलीकडे झुकतो. आधी-नंतर स्पेनमध्ये दोन-तीन रात्री घेतल्या की तो स्पेनकडे येतो. म्हणजे हॉटेलच्या रात्री कुठे घ्यायच्या, यावर अर्ज कोणाकडे करायचा हे ठरतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच घ्यावं आणि विमानाचं तिकीटही पैसे परत मिळतील असं. शेंगेनसाठी ३०,००० युरोंचा जो विमा लागतो तो आजारपणाचा. बोट चुकली तर त्याचा उपयोग नाही. आपल्याकडच्या पॉलिसीतलं ‘मिस्ड कनेक्शन’ अनेकदा विमानाकडून विमानाकडे एवढंच असतं. कलम वाचूनच विमा घ्या.

अलास्काची हौस असणाऱ्यांना वेगळाच कायदा आडवा येतो. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा परदेशी निशाणाच्या जहाजाला, वाटेत परदेशी बंदर न घेता, एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात प्रवासी नेऊ देत नाही. मोठ्या क्रूझ बोटी बहुतेक बहामा, पनामा, माल्टा अशा निशाणांच्या. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणाऱ्या बोटीलाही वाटेत कॅनडाचं बंदर, बहुधा व्हिक्टोरिया, घ्यावंच लागतं. तिथला मुक्काम काही तासांचा, तोही संध्याकाळचा. पण भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो.

सिंगापूरला मात्र मी नियम सैल करीन. मुंबईहून थेट विमान, साडेपाच तास, दिवसातून अनेक, आणि मरीना बे टर्मिनलवरून बोटी सहसा दुपारनंतर सुटतात. रात्री निघून सकाळी पोचलं तरी बहुतेक वेळा चालून जातं. तरीही सत्तरीच्या माणसांनी रात्रभर बसून जाऊन तसंच थेट रांगेत उभं राहण्यात मजा नाही.

आणि मुंबईहूनच सुटणाऱ्या गोव्याच्या, लक्षद्वीपच्या बोटी? पुण्याचे लोक त्यांच्यासाठी सकाळी निघून दुपारी बॅलार्ड पियर गाठायचं ठरवतात. बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला, की संपलं. फोर्टात एक रात्र काढायला काय हरकत आहे? सकाळी मंगलदास मार्केट नाही तर काळा घोडा होईल.

परतीच्या दिवसाकडे कोणी बघत नाही. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी टर्मिनलमध्ये मिळतात. रंगीत टॅगच्या क्रमाने उतरवतात. बोट सकाळी सहाला लागली म्हणून नऊचं विमान घेऊ नये. आधी बंदराची परवानगी, मग गर्दी, मग बॅगा, मग टॅक्सीची रांग. दुपारनंतरचं विमान घ्यावं. चिविताव्हेक्कियाहून संध्याकाळचं. जाताना आणि येताना कायदाही सारखा नाही, हे थोड्यांना माहीत असतं. युरोपातून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला युरोपचा नुकसानभरपाईचा नियम लागू होतो. ३,५०० किलोमीटरांहून लांबच्या प्रवासाला कंपनीच्या चुकीने मोठा उशीर झाला तर माणशी ६०० युरोपर्यंत मागता येतात. मुंबईहून आखाती कंपनीने जाताना मात्र तो नियम नाही. बोट चुकण्याचा धोका जाताना आणि भरपाईचा हक्क येताना, असा हा उलटा कारभार आहे.

सामानाबद्दल एकच. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री जहाजावर चालत नाही, आगीची भीती. आपल्या बायाबापड्यांच्या बॅगेत चहा-मॅगीसाठी किटली असतेच. ती काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. खाकरा, चकली, भडंग पुड्यातली असेल तर बोटीवर चालून जाते, उतरताना बंदरात न्यायची नसते. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवावं.

आणि बोटीवर चढलात म्हणजे सुटलात असं नाही. मार्च २०२४ मध्ये नॉर्वेजियन डॉन या बोटीचे आठ प्रवासी आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर खाजगी सहलीला गेले, उशिरा परतले, आणि बोट समोर दिसत असूनही त्यांना घेतलं गेलं नाही. केबिनमधले पासपोर्ट बोटीने बंदरावरच्या एजंटाकडे पोचवले होते. त्यांनी विमानाने गांबिया गाठलं, तर ओहोटीमुळे बोट तिथे लागलीच नाही. शेवटी सेनेगलच्या डाकारला ती मिळाली. बोटीचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ कधी कधी वेगळं असतं. उतरताना हातातल्या घड्याळात बोटीची वेळ लावा. रोज संध्याकाळी केबिनमध्ये कार्यक्रमाचा जो कागद येतो किंवा अ‍ॅपवर दिसतो, त्यात उद्याच्या बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर बहुधा असतो. खाली उतरण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या आणि आईबाबांच्या फोनवरही पाठवा.